ओपुकिरीतला पहिला अंधार

एकोणपन्नास वर्षं या गावाला
अमावास्या नव्हती.
दिवेलागण नावाची वेळच नव्हती.
खाडीपलीकडे, लोखंडी नळाच्या टोकावर
ताडाएवढी आग
रात्रंदिवस उभी,
आणि कोंबडे मन मानेल तेव्हा आरवायचे.

काल दुपारी ती विझवली.
होडीतून साहेब आले, पांढरी हेल्मेटं घालून,
त्यांनी फीत आणली होती, कात्रीही होती.
विझणाऱ्या आगीला फीत बांधायची कुठे
यावर बराच वेळ चर्चा झाली.
शेवटी शाळेच्या दाराला बांधली.

रात्री सगळं ओपुकिरी बाहेर.
म्हातारा केमेपादे जन्मभर पायाखालच्या वाटेवर
ठेचकाळून पडला
आणि पडल्या पडल्या हसत राहिला.
पोरं मात्र रडायला लागली.
‘लाव ना परत,’ एक जण आईला म्हणाला,
जसं काही बटण तिच्याच हातात आहे.
कुत्री भुंकायची थांबेनात.
मग कुणीतरी ढोल काढला.

फक्त बोलोएरे फणकारत होती.
तीस वर्षं तिनं त्या आगीच्या बांधावर
कसावा वाळवला, मासे वाळवले,
खोकत खोकत चार मुलं शिकवली.
‘फुकटची चूल गेली,’ म्हणाली,
‘आता लाकडं तोडू कुठून?
तिवरं तर तुमच्या तेलानं केव्हाच मारलीत.’
तुमच्या, म्हणाली.
मी तीन खाड्या सोडून पलीकडच्या गावची,
पण अंगात गणवेश कंपनीचा.

माझं काम साधं.
फॉर्मवर एकच प्रश्न: ज्योत बंद आहे? हो / नाही.
ज्योत बंद होती. हे तर आंधळाही सांगेल.
तरी मी कॅमेरा वर केला,
अडीच किलोचा, डोळ्याला न दिसणारं दाखवणारा.
डोळ्यांत तेल घालून बघ, असं म्हणतात;
आमच्या डोळ्यांत ते जन्मापासूनच आहे.

आणि दिसला.
नळाच्या तोंडातून
राखाडी, जाड, वळवळत,
कुणाची घाई नसल्यासारखा
वर चढणारा,
ढोलावरून, छपरांवरून,
नाचणाऱ्यांच्या उंचावलेल्या हातांवरून
आभाळात पसरत जाणारा.

आग गेली होती.
वायू कुठेच गेला नव्हता.

ज्याचं जळतं त्याला कळतं.
आणि जे न जळताच वर जातं,
आगीहून कितीतरी पटीनं आभाळ तापवतं,
ते कुणाला कळणार?

फोन लावला. इंजिनिअर झोपेत होता.
‘कॉम्प्रेसरचा एक भाग बंदरात अडकलाय,’ म्हणाला,
‘तो आला की वायू पाइपातून कारखान्यात जाईल,
कागदावर सगळं आहे.’
मग आज विझवलीत कशाला?
‘समारंभाची तारीख आधीच ठरली होती ना, इनेये.’
थोडं थांबून,
‘शेऱ्याची जागा रिकामी सोडली तरी चालते.’

बोलोएरे मागे कधी येऊन उभी राहिली, कळलं नाही.
‘बघू,’ म्हणाली.
मी कॅमेरा तिच्या डोळ्याला लावला.
ती बराच वेळ बोलली नाही.
तिच्या हाताला वाळल्या माशांचा वास येत होता.
‘बाई गं,’ शेवटी म्हणाली,
‘प्रेताचा श्वास चालू आहे की.’

शेऱ्याला तीन ओळी होत्या.
मी पेन काढलं, कागद मांडीवर घेतला,
आणि कागदच दिसेना.
या गावात आजवर
रात्री लिहायला कुणाला काही लागलं नव्हतं.

बोलोएरे उठून घरात गेली.
लग्नात आलेला कंदील घेऊन आली,
कधीच न लावलेला, काचेवर किमतीचा कागद तसाच.
काडेपेटी काढली.

‘थांब,’ मी म्हटलं.
कॅमेरा पुन्हा वर केला.
राखाडी शेपूट अजून आमच्याच डोक्यावरून जात होतं.

काडी तिच्या मुठीत,
पेन माझ्या.
ढोल चालूच होता.
आम्ही दोघी पायरीवर बसून राहिलो
वारा समुद्राकडे वळायची वाट बघत.